अमेलिया इअरहार्ट समुद्रात हरवली हे सगळ्यांना माहितीये, पण तिचा रस्ता बदलला तो धावपट्टीवरच्या एका गिरकीमुळं

२० मार्च १९३७. हवाई बेटांवरचं पर्ल हार्बर. त्यातल्या फोर्ड आयलंडवर अमेरिकी लष्कराची एक धावपट्टी होती, तिचं नाव ल्यूक फील्ड. सकाळचे सहाही वाजले नव्हते. दोन इंजिनांचं एक चकाकतं विमान धावपट्टीवर उभं होतं. पोटात साधारण ९०० गॅलन पेट्रोल, म्हणजे जवळपास ३,४०० लिटर. चालवणारी होती अमेलिया इअरहार्ट. त्या काळातली जगातली सगळ्यात प्रसिद्ध महिला वैमानिक.

तिला पृथ्वीप्रदक्षिणा करायची होती. तीसुद्धा विषुववृत्ताच्या जवळून, सगळ्यात लांबच्या रस्त्यानं. पहिला टप्पा पार पडला होता, आता दुसरा.

विमान पळायला लागलं. वेग वाढला. हजारेक फूट गेल्यावर ते जरासं उजवीकडं ओढ घ्यायला लागलं. अमेलियानं सरळ करायला डाव्या इंजिनाची ताकद कमी केली. विमान सरळ झालं, पण तिथं थांबलं नाही. ते डावीकडं वळलं आणि वळतच गेलं. उजवं चाक मोडलं, विमान पोटावर घसरलं, ठिणग्या उडाल्या, धावपट्टीवर पेट्रोल सांडलं.

काही सेकंदांचा खेळ. आग लागली नाही, आतल्या तिघांपैकी कुणालाही इजा झाली नाही. पण जगप्रवास तिथंच थांबला.

अमेलियाचं नाव निघालं की लोक साडेतीन महिन्यांनंतरच्या गोष्टीवर बोलतात. ती प्रशांत महासागरात कशी गायब झाली, विमान कुठं पडलं, ती कुठल्या बेटावर जगली का, वगैरे वगैरे. पण त्या शेवटच्या प्रवासाची दिशा ठरली ती या गिरकीमुळं. या गिरकीला वैमानिकांच्या भाषेत नाव आहे, ग्राउंड लूप. आणि अमेलियाची गोष्ट नीट समजून घ्यायची असेल तर आधी हा ग्राउंड लूप समजून घ्यावा लागतो.

ग्राउंड लूप म्हणजे काय?

आजचं प्रवासी विमान डोळ्यासमोर आणा. नाकाखाली एक चाक, पंखांखाली मोठी चाकं. उभं असताना विमान आडवं, जमिनीला समांतर दिसतं.

जुनी विमानं अशी नव्हती. त्यांची दोन मोठी चाकं पुढं असायची आणि एक छोटंसं चाक शेपटीखाली. त्यामुळं विमान उभं असताना नाक वर आणि शेपूट खाली. १९४७ ला श्रीनगरला आपले जवान घेऊन उतरलेली डाकोटा विमानं आठवा. ती याच जातीची. याला टेलव्हील म्हणतात.

आता एक प्रयोग करा. मॉलमधली ट्रॉली घ्या. तिची पुढची चाकं गरगर फिरतात, मागची दोन चाकं मात्र सरळच चालतात. ट्रॉली नेहमीसारखी पुढं ढकलून सोडली तर ती बऱ्यापैकी सरळ जाते. आता तीच उलटी करून, न फिरणारी चाकं पुढं ठेवून, जोरात ढकलून सोडून द्या. दोन-चार फूट जाईल आणि मग गर्रकन फिरून तोंड मागं करेल.

का? कारण ट्रॉलीचं वजन न फिरणाऱ्या चाकांच्या मागं आलं. चाकं जरा वाकडी झाली की ती एका बाजूला ओढतात, पण मागचं वजन मात्र सरळच पळायला बघतं. मग ते वजन चाकांना ओलांडून पुढं यायला लागतं. वळण आपलं आपण वाढत जातं.

टेलव्हील विमानाचं अगदी हेच आहे. मोठी चाकं पुढं, बहुतेक वजन त्यांच्या मागं. विमान जमिनीवर पळतंय तोपर्यंत ते सतत वळायच्या तयारीत असतं. वैमानिकानं पायातल्या पेडलनं त्याला सारखं सरळ ठेवायचं. नाक जरा डावीकडं गेलं, लगेच उजवा पाय. सरळ झालं, लगेच पाय सैल. उशीर झाला की वळण हाताबाहेर गेलं. जोर जास्त लागला तर विमान उलट्या बाजूला वळणार.

वळण फार घट्ट झालं की विमान बाहेरच्या बाजूला कलतं. बाहेरच्या चाकावर आडवा भार येतो. ते चाक आडव्या भारासाठी बनवलेलंच नसतं. ते मोडतं, पंख जमिनीला घासतो, पंखा वाकतो. ल्यूक फील्डवर विमान डावीकडं वळत होतं आणि मोडलं उजवं चाक. हिशोब बरोबर बसतो.

हा प्रकार उतरताना सगळ्यात जास्त होतो. हवेत असताना शेपटीवरचा उभा रडर वाऱ्याच्या जोरावर काम करतो. जमिनीवर आल्यावर वेग कमी होत जातो, तसा रडरमधला जीव जातो. शेपटीचं चाक अजून घट्ट टेकलेलं नसतं. म्हणजे मधले काही क्षण असे असतात जेव्हा रडरचा उपयोग संपत आलेला असतो आणि चाकाचा सुरू झालेला नसतो. त्यात बाजूनं वारा असेल तर तो शेपटीला ढकलतो आणि नाक वाऱ्याकडं वळवतो. वर नाक उंच असल्यामुळं समोरचं धड काही दिसत नाही.

गंमत बघा, वैमानिकाला वाटतं आपण उतरलो, सुटलो. आणि नेमकं तेव्हाच विमान फिरतं. म्हणून टेलव्हील शिकवणारे पहिल्याच दिवशी बजावतात की चाकं टेकली म्हणजे उड्डाण संपलं नाही, विमान उभं करून बांधलं की संपलं.

अमेलियाच्या आयुष्यात हा धडा पुन्हा पुन्हा आला.

दहा मिनिटं आणि दहा डॉलर

अमेलियाचा जन्म २४ जुलै १८९७ चा, कॅन्सस राज्यातल्या ॲचिसन गावचा. आजोळ खातंपितं, पण वडिलांचं काही स्थिर नव्हतं. वडील वकील, रेल्वेची कामं करायचे. पुढं दारूच्या आहारी गेले. घर या गावातून त्या गावात फिरत राहिलं.

पोरगी मात्र पहिल्यापासून अतरंगी. लहानपणी तिनं शेडच्या छपरावरून खाली फळ्यांची घसरगुंडी बांधली आणि लाकडी खोक्यात बसून स्वतःला सोडून दिलं. खाली आली ती ओठ फुटून. तिला काय वाटलं, तर उडाल्यासारखं वाटलं.

पहिल्या महायुद्धात ती कॅनडात टोरँटोला गेली आणि जखमी सैनिकांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून राबली. मग न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेली, तेही अर्धवट सोडलं आणि आईवडिलांकडं कॅलिफोर्नियात आली.

२८ डिसेंबर १९२०. वडिलांनी तिला लाँग बीचला विमानात बसवलं. तिकीट १० डॉलर, फेरी १० मिनिटांची. विमान दोन-तीनशे फूट वर गेलं तेव्हाच तिनं ठरवलं, आपण हेच करायचं.

पुढच्याच आठवड्यात, ३ जानेवारी १९२१ ला, नेटा स्नूक नावाच्या वैमानिक बाईकडं शिकवणी सुरू झाली. शिकवणीला पैसे हवेत, म्हणून अमेलियानं फोन कंपनीत काम केलं, फोटो काढले, ट्रक चालवला. मैदानावर जायला बस आणि पुढं काही मैलांची पायपीट. बाकीचे वैमानिक आपल्याला नवखी समजतील म्हणून नवंकोरं चामड्याचं जाकीट घालून ती तीन रात्री झोपली, ते जुनं दिसावं म्हणून.

सहा महिन्यांत तिनं एक पिवळं सेकंड हँड विमान घेतलं. नाव ठेवलं कॅनरी. १९२२ च्या ऑक्टोबरमध्ये ती १४ हजार फुटांवर गेली, महिलांमध्ये तेव्हाचा विक्रम. १९२३ च्या मे महिन्यात परवाना मिळाला.

आणि मग घरची आर्थिक गाडी रुळावरून उतरली. आईवडील वेगळे झाले. अमेलियानं विमान विकलं, कार घेतली आणि आईला घेऊन देशाच्या दुसऱ्या टोकाला, बोस्टनला आली. तिथं स्थलांतरित कुटुंबांसाठी काम करणाऱ्या डेनिसन हाउस नावाच्या संस्थेत समाजसेविका म्हणून नोकरीला लागली. पोरांना इंग्रजी शिकवायचं, सुट्टीच्या दिवशी उडायचं. इथंच आयुष्य संपलं असतं तर आज तिचं नाव कुणाला माहितीही नसतं.

सामान म्हणून अटलांटिक ओलांडला

१९२८ च्या एप्रिलमध्ये तिला कामावर असताना फोन आला. अटलांटिक महासागर विमानानं ओलांडणारी पहिली महिला व्हायला आवडेल का, असा प्रश्न होता.

लिंडबर्गनं वर्षभरापूर्वी एकट्यानं अटलांटिक ओलांडला होता. आता लोकांना त्या विमानात एक बाई बघायची होती. जुळवाजुळव करणाऱ्यांमध्ये प्रकाशक जॉर्ज पतनम होता.

१७ जूनला न्यूफाउंडलंडहून फ्रेंडशिप नावाचं विमान निघालं. चालवायला विल्मर स्टल्ट्झ, सोबत मेकॅनिक लुई गॉर्डन. अमेलिया नोंदी करायला. २० तास ४० मिनिटांनी ते वेल्सच्या बरी पोर्टला उतरले. संपूर्ण प्रवासात तिनं एकदाही विमान चालवलं नव्हतं.

पण जगानं डोक्यावर घेतलं ते तिलाच. न्यूयॉर्कमध्ये मिरवणूक, पेपरात फोटो, भाषणांची आमंत्रणं. तिला मात्र हे टोचत होतं. आपण या प्रवासात बटाट्याच्या पोत्यापेक्षा वेगळं काही नव्हतो, ही सल तिनं कधी लपवली नाही. विमानात बसून आलेली बाई आणि विमान चालवून आलेली बाई यात फरक असतो, हे तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं.

मग तिनं ब्रिटिश वैमानिक लेडी हीथ यांच्याकडून एक ॲव्हरो एव्हियन विमान विकत घेतलं आणि अमेरिकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला निघाली.

सुरुवातीलाच, १९२८ च्या ऑगस्टअखेर, पिट्सबर्गला उतरली. उतरणं व्यवस्थित झालं. चाकं टेकली, विमान मैदानावर पळायला लागलं आणि गवतात लपलेल्या चरात गेलं. पंखा तुटला, खालचा चाकांचा सांगाडा मोडला. नाक वर असलेल्या विमानातून समोरचा चर दिसणार कसा?

सुटे भाग आले, दुरुस्ती झाली, ती पुढं निघाली. अमेरिका आडवी पार करून परत आलेली ती पहिली एकटी महिला वैमानिक ठरली.

हवेत राणी, जमिनीवर झुंज

१९२९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत महिलांची पहिली मोठी विमान शर्यत झाली. सांता मोनिका ते क्लीव्हलँड. पुरुष वैमानिक आणि पेपरवाले टिंगल करत होते. अमेलिया लॉकहीड व्हेगा नावाच्या दणकट, वेगवान विमानानं उतरली होती. युमाला उतरताना विमान धावपट्टी ओलांडून वाळूत गेलं आणि पंखा वाकला. नवा पंखा येईपर्यंत बाकीच्या स्पर्धकांनी तिच्यासाठी थांबायचं ठरवलं. याच शर्यतीत मार्व्हल क्रॉसन या वैमानिकेचा जीव गेला. लुईस थेडन पहिली आली, अमेलिया तिच्या गटात तिसरी.

त्यातूनच महिला वैमानिकांची संघटना उभी राहिली. सुरुवातीला ९९ जणी सामील झाल्या म्हणून नावच ठेवलं नाइंटी-नाइन्स. अमेलिया तिची पहिली अध्यक्ष झाली. ही संघटना आजही आहे.

१९३० मध्ये नॉरफोकला उतरताना तिची व्हेगा उलटली. १९३१ मध्ये जॉर्ज पतनमशी लग्न झालं. लग्न केलं पण आडनाव आणि विमान दोन्ही सोडलं नाही. त्याच वर्षी ती ऑटोगायरो उडवत होती. ऑटोगायरो म्हणजे पुढं विमानाचा पंखा आणि डोक्यावर हेलिकॉप्टरसारखी पाती असलेलं विचित्र यंत्र. त्यात तिनं १८,४१५ फुटांचा उंचीचा विक्रम केला. आणि त्याच यंत्राचा सप्टेंबरमध्ये डेट्रॉइटच्या जत्रेत उतरताना ग्राउंड लूप झाला. ते बघून पतनम धावत सुटला, वाटेतल्या ताणाच्या तारेत पाय अडकून आपटला आणि त्याच्या बरगड्या मोडल्या. अमेलिया मात्र मोडक्या यंत्रातून सुखरूप बाहेर आली.

तिच्यावर टीका करणारे याच यादीवर बोट ठेवायचे. बाई प्रसिद्धीनं मोठी झाली, हात काही तितका साफ नाही, असं त्यांचं म्हणणं. यात थोडं तथ्य होतं. तिच्यापेक्षा जास्त सफाईनं विमान चालवणाऱ्या बायका त्या काळात होत्या. पण दुसरी बाजू अशी, की टेलव्हीलच्या त्या जमान्यात, कच्च्या मैदानांवर, ब्रेक आणि टायर आजच्यासारखे नसताना, ग्राउंड लूप भल्याभल्यांचे व्हायचे. पुरुषाचं विमान फिरलं तर वारा वाईट होता. बाईचं फिरलं तर बाई वाईट होती.

अमेलियानं उत्तर हवेत दिलं.

२० मे १९३२ ला, लिंडबर्गच्या उड्डाणाला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी, ती न्यूफाउंडलंडच्या हार्बर ग्रेसहून एकटी निघाली. वाटेत उंची दाखवणारं यंत्र बंद पडलं. पंखांवर बर्फ साचलं. एक्झॉस्टच्या भेगेतून ज्वाळा दिसायला लागल्या. पॅरिसला जायचं होतं, पण १४ तास ५६ मिनिटांनी ती उत्तर आयर्लंडमध्ये लंडनडेरीजवळच्या एका कुरणात उतरली. गायी चरत होत्या तिथं.

अटलांटिक एकटीनं ओलांडणारी पहिली महिला. बटाट्याच्या पोत्याचा हिशोब चुकता झाला.

१९३५ च्या जानेवारीत तिनं होनोलुलू ते ओकलंड हा २,४०० मैलांचा समुद्र एकटीनं पार केला. हे तर तोपर्यंत कुणा पुरुषालाही जमलं नव्हतं.

उडती प्रयोगशाळा आणि ल्यूक फील्ड

यानंतर पर्ड्यू विद्यापीठानं तिला बोलावलं. विद्यार्थिनींना करिअरबद्दल मार्गदर्शन करायचं काम. विद्यापीठाच्या संशोधन संस्थेनं तिच्या विमानासाठी निधीही उभा केला. त्यातून आलं लॉकहीड इलेक्ट्रा. दोन इंजिनं, प्रत्येकी ६०० अश्वशक्ती, ५५ फुटांचे पंख. प्रवाशांच्या खुर्च्यांच्या जागी पेट्रोलच्या टाक्या. हे विमान तिला मिळालं १९३६ मध्ये, तिच्या ३९ व्या वाढदिवसाला.

आता ठरलं पृथ्वीप्रदक्षिणेचं. पहिला आराखडा पूर्वेकडून पश्चिमेकडं होता. ओकलंडहून होनोलुलू, तिथून हाउलंड बेट, मग ऑस्ट्रेलिया, आशिया, आफ्रिका आणि घर.

यातलं हाउलंड नीट लक्षात ठेवा. प्रशांत महासागराच्या मधोमध साधारण अडीच किलोमीटर लांब आणि एक किलोमीटरही रुंद नसलेलं सपाट बेट. अमेरिकी सरकारनं तिच्यासाठी तिथं धावपट्ट्या तयार करून ठेवल्या होत्या.

पहिल्या आराखड्यात हे सगळ्यात अवघड बेट दुसऱ्याच टप्प्यावर येत होतं. अंतर सुमारे १,९०० मैल. तेव्हा विमान ताजं, माणसं ताजी. आणि सोबत दोन जण. बेट शोधण्यात मुरलेला फ्रेड नूनन आणि रेडिओ व मोर्स कोड येणारा जहाजाचा कप्तान हॅरी मॅनिंग.

१७ मार्चला ते ओकलंडहून निघाले आणि १६ तासांच्या आत होनोलुलूला पोचले. आणि २० मार्चच्या पहाटे ल्यूक फील्डवर ती गिरकी बसली.

झालं कशामुळं? अमेलियाला टायर फुटला असावा किंवा चाकाचा शॉक ॲब्सॉर्बर बसला असावा असं वाटलं. तिचा सल्लागार पॉल मँट्झ, जो होनोलुलूपर्यंत विमानात होता, त्याचं मत वेगळं होतं. त्याच्या मते तिनं विमान सरळ करायला पाय वापरायच्या ऐवजी इंजिनांची ताकद कमी-जास्त केली. असं करू नकोस म्हणून त्यानं आधीच बजावलं होतं.

यातला मुद्दा साधा आहे. पायाच्या पेडलचा परिणाम लगेच होतो आणि लगेच काढताही येतो. इंजिनाची ताकद कमी केली तर ती परत यायला वेळ जातो. तोवर विमान दुसऱ्या बाजूला वळून मोकळं झालेलं असतं. त्यात विमान पेट्रोलनं खच्चून भरलेलं. जितकं वजन जास्त, तितकं ते वळायला लागल्यावर थांबवणं कठीण.

लष्करानं चौकशी बसवली. अमेलिया त्याच दिवशी बोटीनं परत निघाली. मागोमाग मोडकं इलेक्ट्राही बोटीनं कॅलिफोर्नियाला गेलं. ज्या समुद्रावरून ते उडत आलं होतं, त्याच समुद्रावरून.

रस्ता उलटा झाला

दुरुस्तीला जवळजवळ दोन महिने गेले. पैसे नव्यानं उभे करावे लागले. मॅनिंगची रजा संपली, तो परत जहाजावर गेला. म्हणजे मोर्स कोडमध्ये तरबेज माणूस विमानात उरला नाही. नूनन आणि अमेलिया, दोघांचंही मोर्स कच्चं होतं.

आणि ऋतू बदलला. मार्चमध्ये जो रस्ता सोयीचा होता तो जूनमध्ये पावसाच्या आणि वादळांच्या तोंडी जात होता. म्हणून दिशा उलटी करायचं ठरलं. आता पश्चिमेकडून पूर्वेकडं जायचं. आधी दक्षिण अमेरिका, आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलिया. आणि सगळ्यात शेवटी प्रशांत महासागर.

म्हणजे जे हाउलंड दुसऱ्या टप्प्यावर होतं, ते आता जवळजवळ शेवटी आलं. १,९०० मैलांच्या जागी न्यू गिनीतल्या लेहून साडेपंचवीसशे मैलांची झेप आली. तीही महिनाभर रोज उडून थकल्यावर.

१ जून १९३७ ला मायामीहून दोघं निघाले. ब्राझील, मग अटलांटिक, मग आफ्रिका आडवी. १५ जूनला लाल समुद्राच्या काठावरच्या असाबहून निघून त्यांनी तेरा तासांहून जास्त न थांबता उड्डाण केलं आणि कराची गाठली. लाल समुद्रावरून थेट हिंदुस्थान हे याआधी कुणी केलं नव्हतं. कराची म्हणजे तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानच. वर्षभरापूर्वीपर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. याच कराचीहून पाच वर्षांपूर्वी जेआरडी टाटांनी टपाल घेऊन आपलं छोटं पुस मॉथ जुहूला आणलं होतं. कराचीत इलेक्ट्राची तपासणी होईस्तोवर अमेलियानं उंटावर बसून घेतलं.

१७ जूनला ती कलकत्त्याला डमडमला उतरली. मान्सून येऊन धडकला होता. रात्रभर पाऊस. सकाळी मैदानात चिखल. टेलव्हील विमानासाठी ही सगळ्यात वाईट जागा. एक चाक मऊ जमिनीत रुतलं की विमान तिकडं वळणार. पुढं अजून पाऊस येणार म्हणून थांबून उपयोग नव्हता. इलेक्ट्रा चिखल उडवत पळालं, सुटता सुटत नव्हतं, आणि शेवटी मैदानाच्या टोकाच्या झाडांवरून जेमतेम निघालं. या वेळी ते सरळ पळालं होतं.

ब्रह्मदेशात अक्याबहून पुढं जाताना मान्सूननं परत फिरवलं. मग रंगून, बँकॉक, सिंगापूर, बांडुंग, डार्विन. २९ जूनला ले. २२ हजार मैल मागं पडले होते. ७ हजार उरले होते. महिनाभरात इतक्या अनोळखी मैदानांवर उतरूनही इलेक्ट्राचा एकदाही ग्राउंड लूप झाला नव्हता. ल्यूक फील्डचा धडा तिनं शिकून घेतला होता असं म्हणायला जागा आहे.

लेहून पुढं

२ जुलै १९३७, सकाळी १० वाजता इलेक्ट्रा लेच्या धावपट्टीवर पळालं. या वेळी पोटात सुमारे १,१०० गॅलन पेट्रोल, ल्यूक फील्डपेक्षाही जास्त. धावपट्टी छोटी, टोकाला समुद्र. विमान सरळ पळालं आणि टोकाला पोचल्यावर सुटलं.

वीस तासांनी ते हाउलंडच्या आसपास होतं. बेटाजवळ तटरक्षक दलाचं इटास्का जहाज उभं होतं. तिचा आवाज जहाजावर ठळक ऐकू येत होता. आपण जहाजापाशीच असायला हवं पण ते दिसत नाहीये, पेट्रोल संपत आलंय, असं ती सांगत होती. जहाजावरचे लोक मोर्समध्ये उत्तर देत होते, धूर सोडत होते. तिला त्यांचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं. सकाळी ८:४३ ला तिनं आपण कुठल्या रेषेवर उत्तर-दक्षिण शोधतोय ते सांगितलं. त्यानंतरच्या हाकांना उत्तर आलं नाही.

विमानवाहू जहाजासह नौदलानं अडीच लाख चौरस मैल समुद्र धुंडाळला. १९ जुलैला शोध थांबला. ५ जानेवारी १९३९ ला न्यायालयानं तिला मृत घोषित केलं.

आता ल्यूक फील्डवर गिरकी बसली नसती तर ती वाचली असती का? असं छातीठोक म्हणता येणार नाही. पहिल्या फेरीतही हाउलंड सापडलंच असतं याची खात्री नव्हती. पण तेव्हा अंतर कमी होतं, मोर्स येणारा माणूस सोबत होता आणि बेट चुकलं तरी महिनाभराचा थकवा नव्हता. काही सेकंदांच्या गिरकीनं या तीनही गोष्टी हिरावून घेतल्या, इतकं मात्र नक्की.

पुढं विमानं बदलली. वजन मुख्य चाकांच्या पुढं आणि नाकाखाली चाक, ही रचना रूढ झाली. त्यामुळं विमान जमिनीवर आपोआप सरळ व्हायला बघतं, सरळ ढकललेल्या ट्रॉलीसारखं. टेलव्हील विमानं आजही आहेत. शेतात फवारणीला, डोंगरातल्या कच्च्या पट्ट्यांवर आणि हौशी लोकांकडं. ती शिकणाऱ्याला आजही आधी पायांवर लक्ष ठेवायला शिकवतात, हातांवर नंतर.

आणि अमेलिया? चरात गेली, वाळूत गेली, उलटली, मोडली. प्रत्येक वेळी सुटे भाग मागवले, दुरुस्ती केली आणि पुन्हा त्याच धावपट्टीच्या टोकाला जाऊन उभी राहिली. लोकांना तिचं हरवणं लक्षात राहिलं. पण हरवण्याआधी ती कितीतरी वेळा पडून उठली होती, आणि शेवटच्या सकाळी लेच्या धावपट्टीवरून ते विमान अगदी सरळ गेलं होतं.